एकदम कोरी, मुंबईची

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. जुनी म्हणवून घ्यायची मला लाज नाही. कोरी म्हणून विकली गेले, त्याची आहे.

माझा जन्म कोलकात्याच्या एका साध्या कारखान्यातला. महाडच्या कमलाकर गुरुजींनी मला आणलं. वीस वर्षं मी त्यांच्यासोबत मुलांना गाणी शिकवली. विनोदिनीबाई, त्यांच्या पत्नी, मला जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायच्या. माझा आवाज असा, की रस्त्यानं जाणारी माणसं खिडकीशी थांबत.

मग २०२१च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं. मी अख्खी बुडाले. पोटात गाळ बसला, सांधे सुटले, तारा बांधायची पट्टी उखडली. गुरुजींनी मला माळ्यावर ठेवलं, पण विकलं नाही. "फसवून कोणाच्या गळ्यात मारू?" म्हणायचे. ते गेले आणि मी भंगारात गेले.

तिथून अश्विननं मला उचललं. पट्टी चिकटवली, वरून चकचकीत पॉलिश फासलं. पोटातला गाळ तसाच. मोबाइलवर जाहिरात टाकली: "परदेशी बनावट. मुंबईच्या स्टुडिओतली. एकदम कोरी." फोटो दुसरीचा, व्हिडिओतला आवाज तिसरीचा. आणि किंमत नऊ हजार! मेल्या, तेवढ्यात खरीखुरी नवी आली असती, वर तिची पिशवीही!

ती जाहिरात डोंगरातल्या कापडे गावच्या सलोनीला दिसली. कॉलेजातली पोर. सुट्टीभर महाडच्या कापडदुकानात उभी राहून तिनं पैसे साठवले होते. कॉलेजच्या वाद्यवृंदात तिचं नाव लागलं होतं. अट एकच, वाद्य स्वतःचं हवं.

अश्विन राहणारा महाडचा. पण मला रिक्षात घालून तो जवळच्या वीर स्टेशनला गेला, आणि मुंबईहून येणारी गाडी लागल्यावर उतारूंमध्ये मिसळून ऐटीत बाहेर आला. समोर सलोनी आणि तिची आजी तुळसाबाई. डोंगरातल्या घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईत राबतं, सणाला वस्तू पाठवतं. तिकडून आलेली वस्तू उलटून बघायची, म्हणजे आपल्याच माणसावर संशय घ्यायचा.

तुळसाबाईनं मात्र माझ्या पोटाशी नाक नेलं.

"हिला वास येतो गो. कणगीत भिजल्या भाताचा."

"आजी, तो स्टुडिओतल्या एसीचा वास," अश्विन म्हणाला.

"एसी काय सावित्रीत बुडाला होता रे तुझा?"

मला वाटलं, सुटले!

पण सलोनी लाजेनं लाल झाली. "आजी, गप ना गो! गाडीतून उतरले ना ते? तुला गिटारीतलं काय कळतंय?"

म्हातारी गप्प झाली. माझ्या तारा त्या लबाडानं मुद्दाम सैल ठेवल्या होत्या, म्हणून मीही गप्पच.

घरी सलोनीनं मला मांडीवर घेतलं आणि सूर जुळवायला एकेक तार पिळू लागली. मी कण्हत होते, थांब गो, थांब. तिला वाटलं, सूर लागतोय. कडाड! पट्टी निघाली, तिच्यासोबत पोटाची फळी फाटली.

अश्विनला तिनं फोनसुद्धा केला नाही. "माझ्याच हातानं मोडली. जास्त पिळली मी."

"अगो, ती भिजलेलीच होती. मी सांगत नव्हते?"

"तू माझी समजूत काढतेस, आजी."

दुसऱ्या दिवशी तिनं वाद्यवृंदातून नाव काढून घेतलं. तेव्हापासून मी खुंटीला टांगलेली. खालून ती जाते-येते, वर बघत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. जुनं वाद्य घ्याल, तर आधी नव्याचा भाव विचारा. पोटावरच्या गोल भोकातून आत बघा. तारा विकणाऱ्याच्या देखत पुऱ्या ताणायला लावा. आणि घरातली म्हातारी वास येतो म्हणाली, तर तिला गप्प करू नका.

आणि कधी कापड्याला गेलात, तर माझं एवढं काम करा. आजीचं तिला पटत नाही, मला बोलता येत नाही. तुम्ही सांगा सलोनीला: बाय गो, तुझ्या हातानं काय मोडलं नाय.