बाबांच्या पायांवरचा उजेड

डेअरीच्या अंधाऱ्या खोलीत अख्खं गाव कोंबलं होतं. श्याऐंशीचा दुष्काळ. म्हशींना कडबा नव्हता, दुधाला फॅट कुठून लागणार? पण चेअरमन हिंमतरावांना एवढं सरळ कारण पसंत नव्हतं. त्यांनी उमरग्याहून जांभळेबाबा आणले होते.

"दुधातली चरबी कुणी खाल्ली, ही ब्रह्मज्योत सांगंल!" बाबांनी बॅटरीवरचा जांभळा दिवा लावला. "पाप रोमारोमात मुरतं, बच्चा. सायन्सच्या बापाला दिसत न्हाय!"

दिवा हातांवरून फिरत फिरत चांगुणाच्या तळव्यांवर थांबला. तळवे निळसर चमकले.

"चेटकीण!" बाबा गरजले. "हिला टँकरचं पाणी तीन दिवस बंद. मग गावाभाईर!"

चांगुणा रोजगार हमीवर खडी फोडायची. घरात ती आणि आंधळी सासू.

माझी भाची नीला पुण्याच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशींतली चरबी प्रकाशानं ओळखायची. पेशीला मारायचं नाही. उजेड टाकायचा, परत येईल तो वाचायचा. ती सुट्टीला आलेली. संध्याकाळी आम्ही दोघं पाण्याची कळशी घेऊन चांगुणाकडं गेलो. तिचे तळवे पाहताच नीलानं कपाळावर हात मारला.

"मामा, भेगांना लावायला व्हॅसलीन मीच दिलं होतं. ते त्या दिव्याखाली चमकतं!"

"मग गावाला सांगू."

"सांगायचं न्हाय, गुरुजी," चांगुणा म्हणाली. "फेडायचंय. अजून डब्या हायत का?"

दुसऱ्या दिवशी खडीवरच्या तीस बायका डेअरीत बाबांच्या दर्शनाला. प्रत्येकीनं पाय धरले, चोळचोळून धरले. बाबांनी सुखानं डोळे मिटले. "काय ही भक्ती!"

नीलानं खिडकी लावली आणि त्यांचाच दिवा त्यांच्यावर धरला. बाबांचे पाय तेरखेड्याच्या शोभेच्या दारूसारखे उजळले.

"अगं बया!" खडीवरची इरम्मा ओरडली. "बाबा तर गुडघ्यापत्तूर चेटकीण!"

नीलानं उरलेलं व्हॅसलीन भिंतीला फासलं. भिंतही चमकली. "हिनं किती चरबी खाल्ली? आमचं यंत्र खोलीएवढं आहे. दिवसभर उजेड वाचतं, तेव्हा कुठं म्हणतं, ही चरबी असावी. पाप वाचणारं यंत्र अजून निघालं नाही."

"आन फॅटचं इचारायचं तर चेअरमनसाबांच्या हातपंपाला इचारा," इरम्मा म्हणाली. हिंमतराव छताकडं बघू लागले.

चांगुणा पुढं झाली. "तुमचाच कायदा, बाबा. तीन दिवस पाणी बंद."

बाबांनी तांब्या मागितला. वैशाखात. कुणी हललं नाही. दुपारी ते जळकोटच्या दिशेनं चालत निघाले. तांब्या माझ्याही हातात होता. मी तो चांगुणाच्या सासूला नेऊन दिला.

कुणी दिवा दाखवून माणसाकडं बोट केलं, तर एवढंच करा. तोच दिवा आधी भिंतीवर धरा, मग दिवेवाल्याच्या पायांवर.