इसाल्मीची बस

"शेवटची स्पर्धा म्हणून आज मनात काय चाललंय?" वार्ताहर मुलीने विचारलं, आणि रीक्का वेसालाच्या हातातली बुटाची नाडी तशीच ताणलेली राहिली.

"कुणाची शेवटची?"

मुलगी गोंधळली. हातातल्या फोनकडे बघत म्हणाली, "नाही, म्हणजे... इसाल्मीहून बायका बस करून आल्यात. निरोपाचा कार्यक्रम आहे ना?"

"मी कुणाचा निरोप घेतलेला नाही," रीक्का म्हणाली आणि तिने नाडी ओढली, ती इतक्या जोरात, की पायात कळ आली. सगळी नाडी सोडून परत पहिल्यापासून बांधावी लागली. मुलगी तोवर निघून गेली होती.

चौतीस वर्षं म्हणजे फिगर स्केटिंगच्या खेळात म्हातारपणच. रीक्काच्या बरोबरीच्या मुली केव्हाच बर्फावरून उतरून संसाराला लागल्या होत्या. ती मात्र आठवड्याचे चार दिवस चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची, शनिवारी लहान मुलांना शिकवायची, आणि रोज पहाटे, हॉकीवाली पोरं रिंक ताब्यात घ्यायच्या आत, आपला सराव उरकायची. देशाच्या स्पर्धेत बहुतेक वर्षी पाचवी, नाहीतर सहावी. युरोपच्या स्पर्धेला ती एकदाच गेली होती, बाविसाव्या वर्षी. तिथे पहिल्या, छोट्या फेरीतच गळाली. दुसऱ्या दिवशी निवडक मुली पूर्ण लांबीचा नाच करत होत्या, तेव्हा ही गॅलरीत कोट घालून बसली होती. तेवढं एक राहून गेलं होतं. बाकी पदकबिदक तिने कधी मनात आणलं नव्हतं.

आणि या वर्षी, कुओपिओच्या या हॉलमध्ये, काल छोट्या फेरीत ती चक्क दुसरी आली होती. पहिली सतरा वर्षांची सेल्मा. दोघींत नखाएवढं अंतर. फिनलंडला युरोपात जागा एकच होती. घास हातातोंडाशी आला होता, आणि नेमकं आजच जो तो तिच्याकडे फुलं घेऊन येत होता.

कपडे बदलायच्या खोलीत सेल्माने तिला मिठी मारली होती. "तुला टीव्हीवर बघूनच मी आईकडे हट्ट धरला होता, मला बूट घे म्हणून. आज मला सारखं रडूच येतंय."

"रडू नकोस, डोळ्याचं काळं गालावर येईल. आणि मी तुला हरवायला आलेय, हे विसरू नकोस."

सेल्मा गोड हसली. म्हाताऱ्या आत्याच्या विनोदाला हसावं, तशी. रीक्काच्या डोक्यात तिडीक गेली.

बर्फाच्या कठड्यापाशी तार्मो थर्मास घेऊन उभा होता. वीस वर्षं तो तिचा प्रशिक्षक होता. थंडीने लाल झालेलं नाक आणि तीच ती लोकरी टोपी.

"तूसुद्धा ऐकलंस?" तिने विचारलं.

"काय?"

"मी सोडतेय म्हणून."

तार्मोने थर्मासचं झाकण फिरवलं, परत फिरवलं. "परवा पेपरात आलं होतं. मला वाटलं, तूच बोलली असशील."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारायचं काय त्यात. चौतीस वर्षांची आहेस तू." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जा. मजा घे."

वीस वर्षांत हा माणूस तिला बर्फावर पाठवताना एकच गोष्ट सांगत आला होता: खांदे खाली. कधी ओरडून, कधी दात-ओठ खाऊन. मजा घे असं तो एकदाही म्हणाला नव्हता. ती एक पाय बर्फावर ठेवून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. तो दुसरीकडे बघायला लागला.

निवेदकाने तिचं नाव पुकारताना लांबलचक भाषण केलं. गेली वीस वर्षं आपल्या सगळ्यांना आनंद देणारी वगैरे. तिने अजून काही केलंही नव्हतं आणि लोक उभे राहिले होते. समोरच्या बाकांवर तिच्या गावच्या, इसाल्मीच्या बायका होत्या, ओळखीच्या रंगीत टोप्या घातलेल्या, आणि त्यांच्या पुढे कुणाच्यातरी जुन्या निळ्या पडद्याचा फलक. त्यावर पांढरी फ्लॅनेलची अक्षरं शिवलेली: रीक्का, मनापासून आभार.

अजून जिवंत आहे मी, असं तिच्या मनात आलं. संगीत सुरू झालं.

पहिली उडी नेटकी उतरली. हवेत तीन गिरक्या आणि बुटाखालच्या पात्याच्या काठावर पाय, खरखर नाही की डगमग नाही. लगेच जोडून दुसरी. तीही उतरली. काल रात्री अंथरुणात पडून तिने जशी पाहिली होती, तशीच. पुढे संथ भाग होता. इथे चेलो एकटाच वाजायचा, आणि त्याला धड ठेका नव्हता. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकून पाऊल टाकावं लागे. या भागावर तिने आणि तार्मोने अख्खा उन्हाळा घालवला होता.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी समोरच्या बाकांवरून, मग सगळ्या हॉलमधून. लोकांनी आपलाच एक ठेका धरला, लग्नात धरतात तसा, एक-दोन, एक-दोन. चेलो त्याखाली बुडाला. रीक्काने कान टवकारले, कुठेतरी एखादा सूर हाती लागतो का बघितलं, आणि अंदाजाने उडीच्या वळणात शिरली. अंदाज अर्ध्या मात्रेने चुकला. हवेत अंग उघडलं आणि तीन गिरक्यांची एकच झाली. पुढच्या उडीला तिने घाई केली. पात्याचा काठ निसटला, कमरेवर आपटली, आणि बर्फावरून कठड्यापर्यंत घसरत गेली.

टाळ्या वाढल्या.

उठताना तिला फक्त तेच ऐकू येत होतं. जिंकायला आलेल्या बाईला पडल्याबद्दल शाबासकी मिळत होती. उरलेला नाच तिने रागावर रेटून नेला. पाय चुकले नाहीत, पण चेहऱ्यावर काय होतं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. शेवटी हॉल पुन्हा उभा राहिला. लोकांनी फेकलेली फुलं पडली, कापडी अस्वलं पडली. ती चारी दिशांना वाकली.

गुण यायची वाट बघत बाकावर बसली तेव्हा तार्मोने तिच्या खांद्यावर जाकीट टाकलं.

"ठेका गेला?"

"ऐकूच आलं नाही काही."

त्याने इसाल्मीच्या बायकांकडे बघितलं. "त्यांना सांगू नकोस."

"सांगणार आहे," रीक्का म्हणाली. "आज सांगणार आहे."

गुणफलकावर आकडे आले. चौथी. युरोपला सेल्मा जाणार होती.

हॉलच्या कॅफेत बायकांनी तीन टेबलं जोडून त्यावर कागदी चादर पसरली होती. मधोमध सामन मासा आणि काकडी लावलेला भला मोठा खारा केक, कडेला वेलदोड्याचे गोड पाव. असा केक त्यांच्याकडे बारशाला करतात, नाहीतर दफनानंतरच्या कॉफीबरोबर. रीक्काने तो बघितला आणि दारातच तिचं तोंड कडू झालं.

"ये पोरी, ये," आउनेमावशी म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. रीक्का शाळेत असल्यापासून दर हिवाळ्यात ती गावातल्या बायका गोळा करायची, बस ठरवायची, आणि जिथे स्पर्धा असेल तिथे घेऊन जायची. आज तिने ठेवणीतलं जाकीट घातलं होतं, वर चांदीची पिन. काठी टेबलाला टेकवून ती उभी राहिली आणि कपावर चमचा वाजवला.

"मी काही भाषण करणारी बाई नव्हे. पण आज एवढी वर्षं झाली, तर..."

"मावशी, थांब," रीक्का म्हणाली. "आधी मला सांग, मी सोडतेय हे कुणी ठरवलं? पेपरात छापून आलं. ती सतरा वर्षांची पोरगी माझ्या गळ्यात पडून रडते. माझा स्वतःचा प्रशिक्षक मला म्हणतो, मजा घे. मी काल दुसरी होते. दुसरी. हे कुणाच्या लक्षात तरी आहे का? मी जिंकायला आले होते, आणि तुम्ही सगळ्या माझ्या मर्तिकाचा केक घेऊन बसल्या आहात."

कुणाचातरी चमचा बशीत पडला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. आउनेमावशी सावकाश खाली बसली.

"पेपरवाला माझ्याकडे आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, ही शेवटची खेप का? मी म्हटलं, हो, शेवटची. मला वाटलं, तो बसचं विचारतोय."

"बसचं?"

"बसचंच. दुसरं काय. आता भरत नाही गं ती. आज निम्मी रिकामीच आली. राइली वसंतात गेली, तू आली होतीस तिच्या दफनाला. केर्त्तूला मुलाने त्याच्याकडे नेलं. माझा खुबा फेब्रुवारीत कापणार आहेत, आणि डॉक्टर म्हणाला, यापुढे बाकावर तासन् तास बसणं विसरा." तिने चादरीवरचा पावाचा चुरा बोटाने गोळा केला. "तुझं संपलं असं कोण म्हणतंय? आमचं संपलं. म्हटलं, पाय आहेत तोवर जाऊन आभार मानून यावेत. तुला आधी सांगितलं नाही, उगीच डोक्याला ताप नको म्हणून."

रीक्का उभीच होती. तिच्या हातात अजून फुलं होती. ती कुठे ठेवावीत हे तिला सुचेना.

"आणि या हेल्वीला तर दिसतही नाही," कुणीतरी म्हणालं.

"दिसतं की," हेल्वी म्हणाली. जाड भिंगांआडून ती रीक्काच्या जरा डावीकडे बघत होती. ती भिंगं शरद ऋतूत रीक्कानेच तिला बसवून दिली होती. त्यांचा फारसा उपयोग होणार नाही हे तेव्हाच दोघींना कळलं होतं. "तुझा लाल रंग दिसतो. इकडून तिकडे जातो. तू उडी मारलीस की आउने माझ्या गुडघ्यावर थाप मारते. नीट उतरलीस की आणखी एक थाप. मग मला कळतं."

"आणि पडले की?"

"पडलीस की ती काहीच करत नाही. तेव्हा मी टाळ्या वाजवते. मी वाजवल्या की बाकीच्याही वाजवतात."

यावर बायका हसल्या. आउनेमावशीने रीक्काच्या कोटाची बाही धरून तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या ताटलीत केकचा मोठा तुकडा ठेवला.

"आज आम्ही बसमध्ये सराव करत आलो," ती म्हणाली. "ड्रायव्हर वैतागला. माझे तळहात अजून हुळहुळतायत. टाळ्या पोचल्या ना गं तुझ्यापर्यंत?"

तार्मो कॉफीच्या यंत्रापाशी पाठ करून उभा होता. त्याचा चमचा कपात फिरायचा थांबला.

"पोचल्या," रीक्का म्हणाली.

"भलत्या जागी तर नाही ना वाजल्या? आम्हाला त्यातलं काय कळतंय."

"नाही. बरोबर होत्या."

तिने केक खाल्ला. चांगला झाला होता, शेपू जरा जास्त पडला होता इतकंच. मग ती म्हणाली, "मी पुढच्या वर्षी परत येणार आहे. सांगून ठेवते."

"ये की," आउनेमावशी म्हणाली. "आम्ही पेपरात वाचू. खरं छापलं असलं तर."

रीक्काला हसू आलं नाही. पुढच्या वर्षी सेल्मा अठरा वर्षांची होईल, तिच्यामागून आणखी दोघी येतील, आणि आपली कंबर आजची ही आपटी विसरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणावर रागवावं हेही आता कळत नव्हतं. राग मात्र होता तिथेच होता, घशाखाली न उतरलेल्या घासासारखा.

बाहेर आल्या तेव्हा दुपारीच अंधार पडला होता. दिवसा वितळलेला बर्फ पुन्हा गोठून अंगणभर काचेसारखा पसरला होता आणि त्यावर खडी टाकायला अजून कुणी आलं नव्हतं. बस फाटकापाशीच थांबली होती. आत आणली तर घसरेल म्हणून ड्रायव्हर ऐकेना. बायका दारात घोळक्याने उभ्या राहिल्या. कुणीच पहिलं पाऊल टाकेना.

रीक्काने फुलं तार्मोच्या हातात दिली. हेल्वीचे दोन्ही हात धरले आणि पाठमोरी चालायला लागली. "पाय उचलू नकोस. नुसता सरकव. अशी." हेल्वी सरकत सरकत फाटकापर्यंत गेली. रीक्का परत आली आणि पुढचीला घेऊन गेली. मग तिसरीला. ठणकणारी कंबर सांभाळत ती त्या काळ्या बर्फावरून मागे मागे चालत राहिली. बायका तिच्या हातांना घट्ट धरून होत्या.

आउनेमावशी शेवटी आली. तिने हात दिला नाही, फक्त कोपर धरलं. अर्ध्यावर म्हणाली, "थांब जरा." दोघी थांबल्या. मावशीचा श्वास वाफ होऊन वर जात होता.

"सकाळी सराव आहे?"

"आहे."

"मग लवकर झोप."

पायरी चढताना तिला मागून आधार द्यावा लागला. दार बंद झालं. आत दिवे लागले आणि काचांवर वाफ धरली. बायका बाहीने काचा पुसून बाहेर बघत होत्या, पण आतल्या उजेडातून त्यांना बाहेरचं काही दिसत नसावं. त्या सगळ्या मागच्या चाकाकडे, कचऱ्याच्या डब्यांच्या दिशेने हात हलवत होत्या.

बस हळूच सुटली. रीक्का घसरत घसरत चार पावलं बाजूला गेली आणि त्या हात हलवत होत्या तिथे जाऊन उभी राहिली.