कानांच्या पापण्या

मुलांनो, डोळे मिटा बरं. मिटले? आता कान मिटा. हात लावायचा नाही. नाही ना जमत? डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. आता कल्पना करा, तुमच्या कानांना कुणी पापण्या बसवल्या, आणि त्यांचं बटण दुसऱ्याच माणसाच्या खिशात आहे. त्याला वाटेल तेव्हा तो तुम्हाला मिटणार.

राग आला? येऊ द्या. मी गावातल्या मुलांना इतकी वर्षं शांत बसायला शिकवलं, पण ही गोष्ट सांगताना मलाही शांत बसवत नाही.

त्या शनिवारी सकाळी फिलेमोनी आजोबा घराण्याच्या बैठकीत खांबाला पाठ टेकून बसले होते आणि कानामागच्या यंत्रावर टिचक्या मारत होते.

"बॅटरी गेली वाटतं," ते मोठ्यानं म्हणाले.

"कालच तर बदलली, आजोबा," त्यांची नात मोएलांगी मागून म्हणाली. ती आठ वर्षांची होती. वडीलधाऱ्यांच्या मागे बसून पंख्यानं माश्या वारायचं काम तिच्याकडे होतं. आजोबांना ते ऐकूच गेलं नाही.

"म्हाताऱ्याच्या कानात बॅटरीसुद्धा म्हातारी होते!" समोरून पेनिआमिना म्हणाला. बैठक हसली. आजोबांना वाटलं, काहीतरी चांगलं बोलणं झालं. तेही हसले.

पेनिआमिना त्यांचा पुतण्या आणि घराण्याचा प्रमुख. वयानं लहान, पण मान त्याचा.

आजोबांचे कान कसे गेले, ते आमच्या बेटावरच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. बैठकीच्या घराला लागूनच्या नीरफणसाच्या झाडाला गॅसची रिकामी टाकी टांगलेली आहे. संध्याकाळी तिच्यावर लोखंडी कांबीचा टोला पडला की प्रार्थनेची वेळ. वाटेवरचा माणूस असेल तिथे खाली बसतो, बोलणं तोंडातच राहतं. दुसरा टोला पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. तरुणपणापासून हे टोले फिलेमोनी आजोबांनी दिले. सगळ्या गावाला देवासमोर बसवता बसवता त्यांचे स्वतःचे कान गेले, आणि 'कानात कापूस घाल रे' एवढंसुद्धा कुणी कधी म्हणालं नाही.

ऑकलंडच्या लेकीनं यंत्रं पाठवली. सोबत किल्लीएवढा रिमोट होता. अधिकचं बटण दाबलं की आवाज वाढतो, उण्याचं दाबलं की उतरतो. पहिल्या दिवशी आजोबा अंगणात फुआतिनो आजीच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, थडग्यावर बसले होते. आमच्याकडे आपली माणसं दारासमोरच पुरतात. संध्याकाळी तिथे बसून गप्पा मारतात, मुलं तिथेच अभ्यास करतात.

"आजोबा, ऐकू येतं का?" मोएलांगीनं विचारलं.

"अगं, हा तुझा आवाज? मला वाटायचं, बेडकासारखा असेल!"

"तुमचाच बेडकासारखा आहे!"

"तेही आत्ताच कळलं," आजोबा म्हणाले आणि डोळे पुसले.

त्याच आठवड्यात पेनिआमिना आला. "काका, तुमच्या जाड बोटांना ही बटणं सापडायची नाहीत. हरवाल कुठेतरी. मी सांभाळतो." आणि रिमोट त्याच्या शर्टाच्या खिशात गेला. सगळे म्हणाले, किती काळजी घेतो! त्यानंतर बैठकीत आजोबा काही बोलायला लागले, की त्यांची बॅटरी संपायची. दर वेळी.

शनिवारची बैठक साधीसुधी नव्हती. पाहुण्यांसाठी समुद्राकडे तोंड करून झोपड्या बांधायच्या, असं पेनिआमिनाच्या मनात होतं. त्यासाठी आजोबांचं अंगण हवं होतं. फुआतिनो आजीला उकरून मागे, डुकरांच्या कुंपणाशी न्यायचं होतं.

आमच्या बैठकीचा नियम असा, की प्रमुखानं विचारल्यावर जो गप्प बसला, त्याचा होकार. शेवटची प्रार्थना झाली की तो निर्णय पुन्हा उघडत नाही.

"फुआतिनो काकूंना मागे नेऊ या," पेनिआमिना हळू, गोड आवाजात म्हणाला. "कुणाची हरकत?"

तेव्हाच मोएलांगीला दिसलं. पातळ फुलाफुलांच्या शर्टाच्या खिशात त्याचा अंगठा हलत होता. दाबत होता. पुन्हा दाबत होता. आणि आजोबा कानावर टिचक्या मारत सगळ्यांकडे बघून हसत होते.

"आत्या, आजोबांचे कान पेनिआमिना काका बंद करतोय!" ती शेजारच्या आत्याच्या कानात म्हणाली.

"शू! मोठ्यांच्या बैठकीत मुलांनी बोलायचं नसतं."

ऐकलंत? चोरी करायला हरकत नव्हती. बोलायला होती!

"हरकत नाही, तर मग प्रार्थना करू या," पेनिआमिना म्हणाला.

मोएलांगीनं पंखा खाली ठेवला. वाकून, माफी मागत, मोठ्यांच्या मागून ती बाहेर गेली. मग धावली. कांब तिला दोन्ही हातांनी उचलावी लागली.

भर सकाळी टाकीवर टोला पडला.

बैठक जागच्या जागी थिजली. रस्त्यावर पावाची टोपली घेऊन चाललेली बाई मटकन खाली बसली. नियम मोडणाऱ्याला दंड करणारा पेनिआमिनाच, त्यामुळे त्याला तर तोंड उघडायची सोयच नव्हती. आजोबांना आवाज आला नाही, पण पाठीच्या खांबातून तो टोला त्यांच्या हाडांत शिरला. ते ताठ झाले.

मोएलांगी परत आली. या वेळी ती वाकली नाही. सगळ्यांच्या मधून सरळ चालत पेनिआमिनासमोर उभी राहिली, त्याच्या खिशात हात घातला आणि रिमोट काढला. तो डोळे वटारून बघत राहिला. तिनं रिमोट आजोबांच्या तळहातावर ठेवला, त्यांचा जाड अंगठा धरून अधिकच्या बटणावर टेकवला आणि दाबला. पुन्हा दाबला. आजोबा रिमोटकडे बघत राहिले. मग त्यांनी पुतण्याच्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं. त्यांचं हसू गेलं.

ती पुन्हा बाहेर गेली आणि तिनं दुसरा टोला दिला. तो आजोबांना इतका मोठा ऐकू आला की ते दचकले.

"पेनी," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता अजिबात मोठा नव्हता. "मघाशी काय विचारलंस, ते आता विचार."

पेनिआमिनाचा हात रिकाम्या खिशाकडे गेला.

मोएलांगी आपल्या जागेवर येऊन बसली. पंखा उचलून माश्या वारू लागली. आजोबांच्या, आत्याच्या, सगळ्यांच्या. पेनिआमिनाच्या अंगावरच्या तेवढ्या तिनं राहू दिल्या.