सहाव्या दिवसाची सुंता

बाळ सहाव्या दिवशी गेलं. आठव्या दिवशी त्याची सुंता होऊन नाव ठेवायचं होतं. आमच्या यहुदी घरात त्याआधी नाव कुणी उच्चारत नाही. मी आणि नवऱ्याने नाव ठरवलं होतं, पण बोलताना आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. साहेब उठले, साहेबांना भूक लागली.

मला रडू येत नव्हतं. मी वॉर्डातल्या स्विचबोर्डाकडे बघत बसले होते. एक बटण तुटलं होतं आणि ते कुणी बदललं नाही याचा मला भयंकर राग येत होता. दुसऱ्या कशाचाच येत नव्हता.

बाबा आले. माझे बाबा सुंता करतात. समाजातले निम्मे पुरुष त्यांच्या हातून रडून गेलेत. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "दफनाआधी त्याची करून घेऊ."

"मेलेल्या पोराला सुरी लावणार तुम्ही?"

"आपल्यात करतात. प्रार्थना म्हणायची नाही. अब्राहामाने देवाशी करार केला, त्याची खूण तेवढी करायची आणि नाव द्यायचं. मेलेले उठतील त्या दिवशी त्याला हाक कशी मारणार, बाळ?"

बाबा मला अजून बाळ म्हणतात. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ख्रिस्ती. एरवी माझ्या बाबांशी वाद घालायची एक संधी सोडत नाही.

"आमच्यात बाप्तिस्मा असतो," तो म्हणाला. "तोही राहिला. येशूची सुंता झाली होती, पण आम्हाला शिकवलं ते मनाची करायला. तू म्हणशील तसं करू."

सिस्टर बाळाला कापडात गुंडाळत होती. ती मुसलमान. मी तिलाच विचारलं, "तुमच्यात काय करतात?"

"सुन्नत असते ताई, पाक राहण्यासाठी. माझ्या पोराची शाळेत जायला लागल्यावर केली." तिने कापडाची घडी नीट केली. "पण गेलेल्याची नाही करत आम्ही. जसा आला तसा देतो."

मला तिचं पटलं. जसा आला तसा. मी बाबांना नाही म्हणाले.

"मग नावाशिवाय पुरायचं?" बाबांनी विचारलं. आवाज चढला नाही. सुरी नको होती आणि नाव हवं होतं. शेवटी मी होकाराची मान डोलावली.

दफनभूमीला लागून एक खोली होती. दगडी ओटा, नळ, भिंतीला टेकवलेली फावडी. नळ ठिबकत होता. बाबांनी बाही दुमडली, पिशवीतून सामान काढून ओळीने मांडलं. मग एका बाटलीतल्या गोड वाइनमध्ये कापूस बुडवला आणि बाळाच्या ओठांना लावला.

बाळाने चोखावं म्हणून ते थांबले. कापायच्या आधी ते नेहमीच हे करतात, पोर रडू नये म्हणून.

नवरा हळूच म्हणाला, "बाबा, त्याला..."

बाबांनी हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. ते कापूस मागे घेऊ लागले तसा मी त्यांचा हात धरला.

"राहू दे," मी म्हणाले. "लावा त्याला."

वाइन हनुवटीवरून ओघळली. मी ती पदराने पुसली. मग बाबांनी सुरी उचलली. रक्त आलं नाही. ते काम झाल्यावर त्यांनी कापड सारखं केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव काय?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी वाकले आणि बाळाच्या कानाशी ते नाव घेतलं. मोठ्याने, झोपेतून उठवायला घ्यावं तसं. छाती दुधाने भरून आली, ब्लाउज भिजला, आणि तरी तो उठला नाही.