हरलेल्या अध्यक्षांचं मत

ग्लेनिस रॅमशॉने मान वाकवली आणि ओकोरोंनी तिच्या खांद्यांवर अध्यक्षपदाची मानाची साखळी चढवली. घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना. ओकोरो परिषदेचे कायदा अधिकारी. पिना लावणं त्यांचं काम नव्हतं, पण शिपाई वर गॅलरीत गर्दी आवरत होता.

"हलू नका हो, टोचेल."

"हलत नाहीये, थरथरतेय." ग्लेनिस हसली. "दोन आठवड्यांपूर्वी लोकांनी मला घरी पाठवलं, तरी आज खुर्चीत मीच. हा कायदा लिहिणारा शुद्धीवर होता ना?"

"नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत जुनाच अध्यक्ष, सदस्यत्व गेलं तरी. साधं मत तुम्हाला नाही. पण समसमान मतं पडली, तर निर्णायक मत तुमचं. आणि ते द्यावंच लागतं."

समसमान पडणार हे सगळ्या हार्लमथला माहीत होतं. तिच्या पक्षाचे बावीस निवडून आले होते, बाकी सगळे मिळून बावीस. या किनाऱ्यावर गावाची परिषद वेगळी आणि परगण्याची वेगळी असं काही नव्हतं. शाळा, कचरा, रस्ते, म्हाताऱ्यांची देखभाल, सगळं या एकाच परिषदेकडे. ज्यांचा अध्यक्ष, त्यांच्याकडे यापुढचं निर्णायक मत. म्हणजे नेता त्यांचा, कार्यकारिणी त्यांची, आणि हार्लमथचा पोहण्याचा तलाव बंद होणार की राहणार, हेही त्यांच्याच हातात.

क्लाइव्ह हेसल्टन चहाचे दोन कप घेऊन आत आला. तिच्या पक्षाचा नेता, आणि तिचं मत नीट पडलं तर परिषदेचाही.

"अध्यक्षपदाला आपला उमेदवार वॉल्टर पीक," तो म्हणाला. "वॉल्टर. मागच्या खेपेला तू त्याला पीटर म्हणालीस."

"क्लाइव्ह, मी हरले ती तू बंद करायला काढलेल्या तलावापायी."

"तलाव वर्षाला जेवढा खातो, तेवढ्यात तीस म्हाताऱ्यांना घरी जेवण पोचतं. आणि हात तूही वर केला होतास, बाई."

ते खरं होतं. मतदानाच्या वेळी क्लाइव्ह आपलं पेन उभं धरायचा आणि गटातले सगळे हात एकदम वर जायचे. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. विषय कोणता, हे पाहण्याची कधीकधी गरजही पडत नसे.

सभागृहाच्या दाराशी टॅम्सिन ओडी उभी होती. पोहणं शिकवणारी, निवडणुकीत ग्लेनिसला हरवून तिची जागा हिनेच घेतली होती. तिने पटकन बाजूला होऊन वाट दिली.

"मॅडम, मी काही मागायला नाही आले. वर आमच्या लोकांना टोप्या काढायला सांगतायत."

ग्लेनिसने वर पाहिलं. गॅलरी काठोकाठ भरली होती आणि प्रत्येक डोक्यावर रबरी पोहण्याची टोपी होती. लाल, पिवळ्या, एका आजोबांची तर फुलाफुलांची.

"फलक नकोत असा नियम आहे. टोप्यांबद्दल त्यात काही नाही. राहू देत."

"आणि ते माइकचं बटण..."

"लाल दिवा लागला की बोल. इथे लाल म्हणजे थांबा नव्हे."

टॅम्सिन खुदकन हसली आणि आत गेली.

ग्लेनिसने हातोडी आपटली. नावं दोनच आली, वॉल्टर पीक आणि तलाव वाचवू पाहणाऱ्या समोरच्या बाकांच्या मिसेस डॉड्स. क्लाइव्हचं पेन उभं राहिलं, बावीस हात वर गेले. मग समोरचे हात. ओकोरोंनी ते दोनदा मोजले. गॅलरीत कुणाला तरी खोकला आला तर बाकीच्यांनी त्याला दटावलं.

"बावीस आणि बावीस," ओकोरो म्हणाले. "अध्यक्ष महोदया."

प्रचारात ती ज्या ज्या दारात गेली होती, तिथे लोकांनी तिचं नीट ऐकून घेतलं होतं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता, तलाव का बंद करताय? त्याचं उत्तर म्हणून ती दर वेळी क्लाइव्हचं वाक्य म्हणून दाखवायची.

समोर पहिल्या रांगेत क्लाइव्हने पेन उभं धरलं. मुद्दाम नव्हे, सवयीनं.

ग्लेनिसचा उजवा हातही सवयीनं उचलला गेला. खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. तिने तो साखळीवर ठेवला.

क्लाइव्ह ताडकन उठला. "अध्यक्ष महोदया, दहा मिनिटं तहकुबी हवी."

"पहिलं काम अध्यक्षांची निवड," ओकोरो म्हणाले. "ती होईपर्यंत दुसरं काही घेता येत नाही."

"खाली बस, क्लाइव्ह," ग्लेनिस माइकमध्ये म्हणाली. लाल दिवा लागलेलाच होता. "माझं मत मिसेस डॉड्सना."

वरून असा गलका उसळला की हातोडीचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. रबरी टोप्या हवेत उडत होत्या. एक खाली वॉल्टर पीकच्या टेबलावर पडली. त्याने ती दोन बोटांनी उचलली आणि कुठे ठेवावी ते न कळून धरून बसला.

साखळी उतरल्यावर खांदे विचित्र हलके वाटत होते. इमारतीबाहेरच्या बसथांब्यावर ती हसू आवरत उभी होती. एक गाडी येऊन थांबली, काच खाली झाली. क्लाइव्ह.

"कशाची वाट बघतेस?"

"बसची."

"शेवटची चारला गेली. संध्याकाळच्या आपणच बंद केल्या ना? त्यालाही तुझा हात होता." त्याने शेजारच्या सीटवरचे कागद मागे टाकले. "बस आता."

गाडी बंदरापाशी आली. तलावाच्या इमारतीसमोर रस्ता माणसांनी भरला होता. गाणी चालली होती, टोप्या अजून डोक्यांवर होत्या. क्लाइव्हने ब्रेक लावला.

"वीस वर्षं माझ्या शेजारी बसलीस," तो समोर बघत म्हणाला. "निदान पोहता तरी येतं का तुला?"

"नाही."

गर्दीतल्या एका बाईने गाडी ओळखली आणि बॉनेटवर थाप मारली. क्लाइव्हचा हात हॉर्नकडे गेला आणि तसाच परत आला.

"मला येतं," तो म्हणाला. "आईनं इथंच शिकायला घातलं होतं."

त्याने इंजिन बंद केलं.