राणीसरकारांचा ब्रेक

गेल्या वर्षीपर्यंत कुणी नाव विचारलं तरी टॉलिव्हरांची डेसा आधी आईच्या तोंडाकडे बघायची. आणि या वर्षी? शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने असे झेंडे गाडले की प्राचार्यबाई स्वतः उठून टाळ्या वाजवायला लागल्या. तिचा थोरला भाऊ रॉईस मागच्या भिंतीला टेकून शिट्ट्या मारत होता. "ए, बहीण आहे ती माझी! घरी आम्हाला एक शब्द बोलू देत नाही!" सगळं सभागृह खदखदून हसलं. डेसाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आता तीच शिट्टी एकदा, फक्त एकदा ऐकू यावी म्हणून ती वाटेल ते द्यायला तयार होती.

रॉईस मार्चमध्ये गेला. मागचा एक दिवा लागत नाही म्हणून पोलिसाने त्याची गाडी मिल हिलच्या चढावर थांबवली आणि तिथेच तो गोळ्या लागून गेला. एकोणीस वर्षांचा होता. बेकरीत कामाला होता. खिशात सापडला तो बेकरीत घालायच्या टोप्या न्यायला विसरू नये म्हणून बॉलपेनने लिहिलेला कागदाचा बोळा, बाकी काही नाही.

पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात सगळं चित्रित झालेलं. ते अख्ख्या गावाने पाहिलं आणि गाव उभं चिरलं गेलं. न्हाव्याच्या खुर्चीत तोच विषय, चर्चच्या पायऱ्यांवर तोच, डोनटच्या दुकानात तर विचारूच नका. चित्रात दिसायचं ते एवढंच: पोलीस ओरडतो, बाहेर ये, हात दिसू देत. रॉईस दोन्ही हात वर करतो, दार उघडतो, डावा पाय रस्त्यावर टाकतो. गाडी मागे सरकते, पोलीस उभा असतो त्या बाजूला. रॉईसचा उजवा हात खाली जातो. मग आवाज.

"अंगावर गाडी घालत होता," अर्धं गाव म्हणायचं. "आणि हात खाली कशाला नेला? त्या पोलिसाने काय वाट बघत बसायचं होतं?"

"भेदरलेलं पोर ते," उरलेलं अर्धं म्हणायचं. "हात वरच होते. खाली गेले ते गोळीमुळे."

दोघंही चूक. डेसाला ते पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं होतं. तो खांदा कसा झुकतो ते तिने हजारदा पाहिलं होतं, शेजारच्या सीटवर बसून.

ती गाडी आजोबांची. रॉईस तिला राणीसरकार म्हणायचा, कारण तिचे नखरेच तसे. गाडी जागेवर धरून ठेवणाऱ्या 'पार्क' गिअरमध्ये टाकली तरी चढावर ती थांबायची नाही. ब्रेकवरचा पाय काढला की निघालीच मागे. म्हणून पाय उचलण्याआधी दोन सीटमधला हँडब्रेक करकचून ओढायचा, हा घरचा कायदा. आणि हा कायदा करणारी होती आई. वर्नेटा टॉलिव्हर शाळेची बस चालवायची. गावातली निम्मी पोरं तिने शाळेत पोचवली आणि सुखरूप परत आणली. थांबा आला की आधी ब्रेक ओढायचा, मगच दार उघडायचं. "मागे कुणाचं तरी लेकरू असतं," हे तिचं पालुपद. रॉईस नुकता गाडी शिकत होता तेव्हा एकदा विसरला. राणीसरकार घरंगळत शेजारच्या कुंपणात जाऊन बसल्या. त्या दिवशी आईने त्याला सगळ्या गल्लीसमोर असा फैलावर घेतला की पुढे झोपेतही त्याचा हात खाली जात असेल.

त्या संध्याकाळीही तसाच गेला.

हे सांगितलं की रॉईसवरचा डाग पुसला जाणार होता. पण सांगायचं कुणासमोर? आईसमोर? "आई, तुझं ऐकलं म्हणून तो मेला," असं? आई आधीच निम्मी झाली होती. बसच्या किल्ल्या तिने परत केल्या होत्या. ताटातलं अन्न चिवडायची आणि उठायची. म्हणून डेसा गप्प राहिली. नगर परिषदेच्या सभेत कुटुंबातर्फे बोलायचं ठरलं तेव्हा तिने हक्क, न्याय, कायदा असं सगळं घालून झकास भाषण तयार केलं. त्यात गाडीबद्दल चकार शब्द नव्हता.

"छान आहे गं," बर्नडीन मावशी म्हणाली, "पण यात आपला रॉईस कुठंय? हे कुठल्याही पोराबद्दल म्हणता येईल."

"मावशी, तू फक्त टाळ्या वाजव."

"वाजवते बाई. तुझ्यापुढे कुणाची टाप आहे!"

आई इस्त्री करत होती. डेसाचा सदरा दोनदा झाला होता, ती तिसऱ्यांदा करायला लागली.

सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक होलिस क्रेब्स डेसाच्या आधी बोलले. टोपी हातात घेऊन बोलले, ओरडले वगैरे नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "मिस वर्नेटांबद्दल मला आदर आहे. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच बसने मोठी झाली. पण गाडी मागे आली, हे डोळ्यांना दिसतंय. माझा पुतण्या पोलिसात आहे. तो रात्री घरी यावा, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं?"

मग डेसा उभी राहिली. सुरुवात अशी दणक्यात केली की मागचे लोक "बोल पोरी, बोल!" म्हणायला लागले. तिचा आवाज चढला, हात हलायला लागले.

"ते सगळं राहू दे," डावीकडून एक माणूस ओरडला. "गाडी मागे का आली, तेवढं सांग!"

डेसा थांबली.

 उत्तर दातांपर्यंत आलं होतं. तिने पहिल्या रांगेत आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. लोक कुजबुजले. "बघा, आहे का उत्तर?" कुणीतरी हसलंसुद्धा.

तेव्हा आई उठली. माइकपाशी आली, डेसाला खांद्याने हलकेच बाजूला केलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "त्या गाडीचा 'पार्क' गिअर लागत नाही. पाय काढला की ती मागे जाते. पोलीस म्हणाले बाहेर ये, म्हणून त्याने पाय काढला. ती सरकली, म्हणून तो हँडब्रेक ओढायला वळला. गाडी तुमच्याच पोलिसांच्या आवारात उभी आहे. चढावर लावा आणि पाय काढून बघा."

तिने माइक जवळ ओढला.

"मी त्याला दोनच गोष्टी घोकून घेतल्या होत्या. पोलिसाने थांबवलं की हात दिसतील असे ठेव. आणि ब्रेक ओढल्याशिवाय उतरू नकोस, मागे कुणाचं तरी लेकरू असतं." तिने श्वास घेतला. "त्या दिवशी मागे तो पोलीस होता. त्यालाही आई असेलच. माझ्या मुलाने दोन्ही ऐकायला बघितलं हो. दोन्ही एकदम जमलं नाही त्याला."

क्रेब्स आपल्या टोपीकडे बघत राहिले. क्षणभर डेसाला वाटलं, झालं, संपलं, आता कोण काय बोलणार? तेवढ्यात मागून आवाज आला, "हे आजच सुचलं होय?" मग दुसरा, "लाज वाटते का रे, आई आहे ती!" मग सगळेच. अध्यक्ष हातोडी आपटत राहिले, तपास चालू आहे, तपास चालू आहे म्हणत राहिले. मावशी कुणाच्या तरी अंगावर धावून गेली.

आई सरळ चालत बाहेर गेली आणि इमारतीच्या पायऱ्यांवर बसली. डेसा तिच्या शेजारी टेकली. आतला गलका दारातून येत होता. गाडी वीतभर सरकली की हातभर, यावर आता जुंपली होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" आईने विचारलं.

"पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून. आणि तुला?"

"त्याचा खांदा झुकला ना, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

 समोरून एक सायकलवाला गेला, त्याने ओळखीने हात केला, आईने सवयीने हात केला.

"केस काप म्हटलं, तर वाढवले," आई म्हणाली. "रविवारी चर्चला चल म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. ताट उचल म्हटलं, की 'उचलतो गं', आणि ताट तिथेच. बेकरीत पीठ झटकून घरात ये म्हटलं, तर साऱ्या घरात पांढरी पावलं."

"जिन्यावर पण," डेसा म्हणाली. तिला हसू फुटलं.

"जिन्यावर पण." आईचा आवाज चिरकला. "एकोणीस वर्षांत माझं एक म्हणून ऐकलं नाही गं त्याने."

तुझी चूक नाही, असं म्हणायला हवं होतं. पाद्री तेच म्हणाले होते, मावशी रोज म्हणत होती, आणि आईने ते कुणाकडूनच घेतलं नव्हतं. डेसाने आईचा हात हातात घेतला. स्टिअरिंग धरून धरून तळव्याला पडलेले घट्टे तिच्या बोटांना लागले.

"ब्रेकचं तेवढं ऐकलं त्याने, आई," ती म्हणाली.

आईने मान हलवली. हो म्हणून, की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग ती पुढे वाकली आणि मार्चपासून अडवून धरलेलं रडू तिला फुटलं. मोठ्याने, तोंड न झाकता, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.  डेसा तिला नुसती धरून बसली.