नाव घे, त्याशिवाय आत नाही

दृश्य १. (कापलं.)

समता कॉलनीत हळदीकुंकू. नवी सून गोदावरी उखाणा घेते, पण बोलून नाही, गाऊन. चाल ददरियाची, शेतात काम करताना इकडच्या बाया गातात ती. तिथूनच ती छत्तीसगढी गायिका झाली.

कापणारे: गोदावरीवरच्या सिनेमाचे निर्माते शालिग्रामजी, भनपुरीत ट्रकांचा धंदा. छत्तीसगढ राज्य नवं, राजधानी नवी. मधेच मराठी सून आली तर पब्लिक विचारेल, ही आपली की त्यांची?

दृश्य १. (नवं.)

गोदावरी खेड्यात जन्मते. मागे गाय.

दृश्य नाही. नुसत्या दोन खुर्च्या.

एकीवर खऱ्या गोदावरीबाई, दुसरीवर त्यांचे यजमान गंगाधरराव. दिग्दर्शक शिशिर समोर उभा.

"माझं गाणं जिथं जन्मलं तेच कापलं तू," गोदावरीबाई म्हणाल्या. "मंग ही गायवाली बाई कोण आहे? मले तर माहीत नाही. माझं नाव काढून टाक सिनेमातून."

शिशिरनं शालिग्रामजींकडे बोट दाखवलं.

दृश्य ७. खेड्यातलं लग्न.

गावच्या बाया म्हणून कॉलनीतल्याच मराठी काकू आणलेल्या, पंडरी बाजारातली लुगडी नेसवून. नवरी गोदावरीच्या भूमिकेत स्वरदा. घर मराठी, उत्तरं हिंदीत.

कॅमेरा सुरू. नवरी दाराशी येते. काकूंनी गाणं म्हणायचं होतं. पण नवरी आणि उंबरठा एकत्र दिसले आणि सगळ्यांचे हात आपोआप आडवे झाले. नाव घे, त्याशिवाय आत नाही.

"काकू, ये स्क्रिप्ट में नहीं है," स्वरदा म्हणाली.

कट. शालिग्रामजी तापले. त्यांच्या पत्नी पद्मिनी दीदी मात्र उठून आल्या, हा काय खेळ आहे म्हणून विचारू लागल्या. काकूंनी सांगितलं आणि लगेच त्यांनाच अडवलं. दीदींनी लग्नापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्यात घेतच नाहीत.

गोदावरीबाईंनी खुर्चीतूनच ददरियाची चाल धरली. दीदींनी पदर सारखा केला.

"भनपुरी के रद्दा म धुर्रा उड़ाय,
शालिग्राम के ट्रक हर हारन बजाय."

रस्त्यावरचा धुरळा, ट्रकचा हॉर्न आणि मधे नवऱ्याचं नाव: सेट हसून लोळला. शालिग्रामजी कानापर्यंत लाल. परत एकदा म्हण, असं ते हळूच म्हणाले. दीदी म्हणाल्या, एकदाच असतं. मग ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"शिशिर भैया, वो पहला सीन वापस डालो. पब्लिक को मैं देख लूँगा."

दृश्य १. (परत जुनं.)

उखाणा गोदावरीबाईंनीच स्वरदाकडून घोकून घेतला.

"खारूनच्या काठी बोरं पिकली,
गंगाधररावांनी मले सायकल शिकवली."

"हव," कॅमेऱ्यामागून मोठ्यानं होकार आला. गंगाधरराव उभे राहिले होते.

कट. दुसरा टेक. पुन्हा हव.

तिसऱ्या टेकच्या आधी शिशिरनं त्यांना चहाला बाहेर पाठवलं. गोदावरीबाईंनी अर्ध्या वाटेतून परत बोलावलं.

"राहू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "तेव्हाही असेच ओरडले होते."